सहाव्या प्रतीचा ‘राक्षस’ एवढा मंद कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुर्बिणीतून एक तारा सापडला, साध्या डोळ्यांना अगदी काळोख्या रात्री दिसेल न दिसेल असा, आणि कॅटलॉगमध्ये त्याच्यापुढे बी८ आणि रोमन तीन लिहिलंय, म्हणजे निळसर-पांढरा राक्षसी तारा. मग राक्षसी आहे तर इतका मंद का, आणि दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो तर त्याचं तापमान, त्रिज्या, वस्तुमान हे आकडे लोक आणतात कुठून?

मी बी वर्गातल्या ताऱ्यांचे वर्णपट घेण्याचं आणि मोजण्याचं काम बरीच वर्षं करतोय त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच, की ‘मंद’, ‘निळसर-पांढरा’ आणि ‘राक्षसी’ या तिन्ही शब्दांचा अर्थ तुम्ही घेताय तसा सरळ नाहीये. मंद हा शब्द ताऱ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, तो आपल्यापासूनच्या अंतराबद्दल सांगतो. निळसर-पांढरा हे मधल्या धुळीतून गाळून आलेल्या प्रकाशावर ठरतं. आणि राक्षसी हा शब्द तर आकार मोजून दिलेलाच नाही, वर्णपटातल्या रेषा किती रुंद आहेत ते बघून दिलाय. हे एकदा नीट बसलं की बाकीचं सगळं गणित सोपं आहे.

तुमच्या ताऱ्याचे नेमके आकडे प्रश्नात नाहीत, म्हणून हिशेबासाठी मी एक नमुना धरतो. दृश्य प्रत ६.२ (प्रत म्हणजे ठळकपणाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद), पॅरलॅक्स ३ मिलीआर्कसेकंद, आणि बी-व्ही रंग उणे ०.०७. बी८ राक्षसी म्हणून नोंदलेल्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याला शोभतील असे हे आकडे आहेत, तुमचे खरे आकडे घालून तुम्ही हाच हिशेब परत करू शकता, कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी अंतर, कारण सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं. पॅरलॅक्स म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत सहा महिन्यांत जेवढा सरकल्यासारखा दिसतो त्याच्या निम्मा कोन. हा कोन एक आर्कसेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, असेल तर अंतर एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, आणि कोन जितका लहान तितकं अंतर जास्त. ३ मिलीआर्कसेकंद म्हणजे ३३३ पार्सेक, साधारण १,०८५ प्रकाशवर्षं. आता आपला सूर्य उचलून तिथे नेऊन ठेवला तर तो १२.४ प्रतीचा दिसेल, साध्या डोळ्यांना तर सोडाच, छोट्या बायनॉक्युलरमध्येही नाही दिसणार. आणि तुमचा तारा तिथून ६.२ प्रतीचा दिसतोय. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट हे पॉगसनने १८५६ साली ठरवलेलं प्रमाण, त्या हिशेबाने हा सहा-सव्वासहा प्रतींचा फरक म्हणजे तीनशेपटीच्या वर जातो. तर ‘मंद’ तारा हा असा आहे. उलट तोच तारा व्याधाच्या जागी, म्हणजे ८.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवला तर तो उणे ४.५ प्रतीचा दिसेल, शुक्रासारखा.

हे नुसतं कागदावरचं नाही. वृषभ राशीच्या उत्तरेकडच्या शिंगाच्या टोकाला एलनाथ नावाचा तारा आहे, त्याचा वर्ग बी७ राक्षसी, प्रत १.६५, अंतर १३४ प्रकाशवर्षं. आपला नमुना तारा आणि एलनाथ जवळजवळ भाऊ-भाऊच समजा. एक आठपट लांब आहे म्हणून आठाचा वर्ग म्हणजे पासष्ट-एक पट मंद दिसतो, बास. एका भावाला लोक पटकन ओळखतात आणि दुसऱ्याला कोणी विचारत नाही. किंबहुना उलट बाजूने विचार करा, आपल्या अगदी जवळचे जे तारे आहेत त्यातले बहुतेक लाल बटू तारे आहेत आणि त्यातला एकही साध्या डोळ्यांना दिसत नाही, सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा ११ व्या प्रतीचा आहे. म्हणजे साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा हा बहुतेक वेळा मुळात दणदणीत तेजस्वी असतो आणि लांब असतो. आकाशात दिसणाऱ्या ताऱ्यांवरून ताऱ्यांची खरी लोकसंख्या ठरवायला गेलात की हमखास फसाल.

आता रंग आणि तापमान. आधी एक, सहाव्या प्रतीच्या ताऱ्याचा निळा रंग तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही, एवढ्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, तो तुम्हाला राखाडी-पांढराच दिसेल, आणि क्षितिजाजवळ असेल तर पिवळट सुद्धा. त्यामुळे ‘मला निळा दिसला नाही म्हणजे कॅटलॉग चुकलाय’ असं समजू नका, हा प्रश्न मला नेहमी येतो. रंग फोटोमीटरने मोजतात, निळ्या फिल्टरमधली प्रत वजा पिवळसर-हिरव्या फिल्टरमधली प्रत, हाच वरचा बी-व्ही. निळा प्रकाश जास्त असेल तर आकडा उणे येतो. सूर्याचा हा आकडा अधिक ०.६५ आहे.

आपल्या नमुन्याचा मोजलेला रंग उणे ०.०७ आला. हा आकडा थेट तापमानाच्या तक्त्यात घातलात तर तापमान कमी येईल, कारण वाटेत धूळ आहे. हजार प्रकाशवर्षांच्या वाटेवर ताऱ्यांमधली धूळ निळा प्रकाश जास्त खाते आणि लाल कमी, त्यामुळे तारा आहे त्यापेक्षा थोडा लाल दिसतो, संध्याकाळी सूर्य लाल दिसतो तसाच प्रकार. म्हणून खरा रंग वर्णपटावरून ठरवायचा. समजा रेषांवरून कळलं की खरा रंग उणे ०.१३ असायला हवा, तर ०.०६ एवढी लाली धुळीमुळे आली. या लालीला साधारण ३.१ ने गुणलं की एकूण किती प्रकाश गेला ते मिळतं, इथे ०.१९, म्हणजे ०.२ धरू. ही ३.१ ची संख्या सगळीकडे चालते असं नाही, दाट ढगांमधून बघत असाल तर वाढते, पण साध्या वाटेवर चालते.

तापमान वर्णपटावरून कसं कळतं हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गरम ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसतात, त्या साधारण ए० वर्गात (अक्षरापुढचा आकडा वाढला की तारा थंड, आणि बी९ नंतर ए० येतो), म्हणजे ९ ते १० हजार केल्विनच्या आसपास, सगळ्यात ठळक होतात, त्याच्यावर तापमान गेलं की परत कमी व्हायला लागतात. हायड्रोजन कमी झाला म्हणून नाही. मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं समीकरण दिलं तेव्हा हे कोडं सुटलं. तापमान वाढलं की अणूंचे इलेक्ट्रॉन निघून जातात, आणि हायड्रोजनचा एकमेव इलेक्ट्रॉन गेला की तो अणू रेषा काढूच शकत नाही. म्हणजे रेषा किती ठळक आहे यावरून पदार्थ किती आहे ते थेट कळत नाही, आधी तापमान काढावं लागतं. सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, तेव्हा लोकांना ते पटलं नव्हतं.

बी वर्गात आम्ही बघतो ती जोडी म्हणजे ४४७१ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) हेलियमची रेषा आणि तिच्या अगदी शेजारी ४४८१ ची आयनित मॅग्नेशियमची रेषा. बी३-बी४ च्या आसपास हेलियमची रेषा मॅग्नेशियमपेक्षा कितीतरी ठळक असते, तापमान उतरत गेलं की हेलियम फिका पडतो आणि मॅग्नेशियम चढतो, बी८ च्या आसपास दोघं जवळपास बरोबरीला येतात आणि ए० ला हेलियम जवळजवळ गायबच. शेजारी शेजारी असल्यामुळे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, हवेतली धूळ वगैरे भानगडी दोघांना सारख्याच लागू होतात, म्हणून ही तुलना भरवशाची. फक्त एक, दहाच अँगस्ट्रॉमचं अंतर आहे, हौशी लोक दुर्बिणीपुढे साधं शंभर रेषा प्रति मिमीचं ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश फाकवणारी काच, लावतात त्यात हे वेगळं दिसणार नाही, हायड्रोजनच्या रेषा मात्र त्यात छान दिसतात. जोडी बघायची तर फटवाला स्पेक्ट्रोग्राफ हवा.

समजा यातून तापमान १३,००० केल्विन आलं. सूर्याचं ५,७७२. म्हणजे सव्वादोन पट, पण उजेड तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे या ताऱ्याचा प्रत्येक चौरस मीटर सूर्यापेक्षा जवळजवळ २६ पट ऊर्जा फेकतो. आणि ती कुठे फेकतो तेही बघा, १३,००० केल्विनला प्रकाशाचा उच्चबिंदू २२३ नॅनोमीटरवर येतो, हा पूर्ण अतिनील भाग, ओझोनमुळे जमिनीवर पोचतच नाही. म्हणजे आपण जमिनीवरून या ताऱ्याचा जो भाग बघतो तो त्याच्या उजेडाची शेपटी आहे. आययूई नावाचा उपग्रह १९७८ ते १९९६ असा अठरा वर्षं अतिनील वर्णपट घेत होता, गरम ताऱ्यांबद्दल आपल्याला जे ठामपणे माहीत आहे त्यातलं बरंच त्याच्यामुळे.

आता बेरीज-वजाबाकी. निरपेक्ष प्रत म्हणजे तारा १० पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती प्रत. ६.२ मधून अंतराचे (३३३ वरून १० पार्सेकवर आणल्याचे) ७.६ वजा, धुळीचे ०.२ वजा, निरपेक्ष प्रत आली उणे १.६. सूर्याची ४.८३, म्हणजे दृश्य प्रकाशात हा तारा सूर्याच्या साधारण ३७५ पट. पण दिसत नाही तो अतिनील प्रकाशही धरायला हवा, त्यासाठी या तापमानाला साधारण ०.८ प्रतीची दुरुस्ती करावी लागते. ती केली की एकूण तेजस्विता सूर्याच्या ७०० पटींच्या थोडी वर जाते, ७२० म्हणू. निम्मा उजेड आपल्याला दिसतच नाही असा याचा अर्थ.

आणि मग त्रिज्या फुकटात मिळते. ७२० पट उजेड, त्यातले २६ पट गरमपणामुळे, उरले २८ पट, ते पृष्ठभाग मोठा असल्यामुळे. २८ चं वर्गमूळ ५.३. तर राक्षसी तारा सूर्याच्या फक्त ५.३ पट त्रिज्येचा निघाला! इथे लोकांचा विरस होतो, मला माहितेय. स्वाती सूर्याच्या साधारण २५ पट, रोहिणी ४४-४५ पट, तेही ‘राक्षसी’ आणि हाही ‘राक्षसी’. राजन्य वेगळा, तो महाराक्षसी वर्गात येतो, सूर्याच्या सत्तर-ऐंशी पट.

असं का, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. हार्वर्डला अँटोनिया मॉरी यांनी १८९७ च्या कॅटलॉगमध्ये नोंदवलं होतं की सारख्याच तापमानाच्या काही ताऱ्यांच्या रेषा विचित्रपणे बारीक आणि धारदार आहेत. हर्ट्झस्प्रुंगने १९०५ मध्ये दाखवलं की हे बारीक रेषांचे तारे मुळात फार तेजस्वी असतात. मग १९४३ मध्ये यर्कीस वेधशाळेत मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी रोमन एक ते पाच असे वर्ग करून टाकले, तेच आजपर्यंत चाललेत. कारण सोपं आहे, ताऱ्याचं वातावरण दाट असेल तर शेजारचे आयन आणि इलेक्ट्रॉन यांची विद्युत क्षेत्रं हायड्रोजनच्या ऊर्जा-पातळ्या हलवतात आणि रेषा पसरट होते. तारा फुगलेला असेल तर पृष्ठभागावरचं गुरुत्व कमी, वातावरण विरळ, रेषा बारीक. म्हणजे रोमन तीन हा आकडा आकाराचा नाही, वातावरणाच्या दाबाचा आहे. थंड ताऱ्यांमध्ये मुख्य क्रमातला बटू, म्हणजे साधा, न फुगलेला तारा, आणि राक्षसी यांच्या त्रिज्येत वीस-तीसपटीचा फरक असतो, गरम ताऱ्यांमध्ये मोजून दोन-अडीचपटीचा, पण नाव तेच.

आपल्या नमुन्याचं वस्तुमान साधारण ४.४ सूर्यांएवढं येतं, ते कसं ते पुढे सांगतो. त्यावरून पृष्ठभागावरचं गुरुत्व साधारण ४३ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीच्या साडेचारपटीच्या आसपास. सूर्यावर ते २८ पट आहे, म्हणजे चौपटीहून जास्त वस्तुमान असूनही याचं गुरुत्व सूर्याच्या सहाव्या भागाएवढं. आणि सरासरी घनता पाण्याच्या साधारण चार टक्के, थर्मोकोलच्या आसपासची. अर्थात ही सरासरी झाली, गाभा प्रचंड दाट आणि वरचे थर आपण ज्याला निर्वात म्हणू त्याच्या जवळपास.

वस्तुमानाबद्दल मात्र सावध राहा. एकट्या ताऱ्याचं वस्तुमान थेट मोजायची सोय नाही. तराजू म्हणजे जोडतारे, त्यातही एकमेकांना ग्रहण लावणारे. ग्रहण न लावणारी जोडीही कामी येते, चित्रा बघा, ते दोन बी तारे आहेत, चारच दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात, आणि त्यातला मोठा सूर्याच्या दहापटीच्या वर भरतो. अशा जोड्यांवरून ताऱ्यांच्या उत्क्रांतीची मॉडेल्स तपासली जातात, आणि मग एकट्या ताऱ्याचं तापमान आणि तेजस्विता मॉडेलच्या नकाशावर ठेवून वस्तुमान वाचतात. ४.४ हा आकडा असा आलाय. म्हणून कुठे एकट्या बी ताऱ्याचं वस्तुमान तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेलं दिसलं तर मी तरी त्यातले शेवटचे दोन आकडे सोडून देतो.

त्याच नकाशावरून वय पण मिळतं. एवढ्या वस्तुमानाचा तारा जन्मतो तेव्हा त्रिज्या सूर्याच्या अडीचपट, तापमान १५-१६ हजार आणि तेजस्विता तीनशेच्या वर असते. गाभ्यातला हायड्रोजन संपेपर्यंत हळूहळू दुप्पट फुगतो, थोडा थंड होतो आणि उजेड दुपटीच्या वर जातो. म्हणजे आपला नमुना हा आयुष्याच्या पहिल्या टप्प्याच्या अगदी शेवटाकडे आलेला आहे, वय १२ ते १५ कोटी वर्षं. सूर्याचं ४६० कोटी. तरी म्हातारा हा आहे आणि सूर्य मध्यमवयीन, कारण हा इंधन कितीतरी वेगाने जाळतो.

इथे एक गंमत. खरा ‘राक्षसी’ टप्पा, म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन संपून तारा तांबड्या राक्षसी अवस्थेकडे निघाला तो प्रवास, फार भरभर होतो, काही लाख ते दहा-वीस लाख वर्षांत. बारा-तेरा कोटींच्या आयुष्यात एवढासा काळ, त्या टप्प्यात तारा पकडणं म्हणजे निव्वळ नशीब. म्हणून कॅटलॉगमध्ये बी राक्षसी लिहिलेले बहुतेक तारे गाभ्यात अजून हायड्रोजनच जाळतायत, फक्त शेवटचा साठा. तांबड्या राक्षसी ताऱ्यांबद्दल वाचलेली गोष्ट यांना चिकटवू नका.

आतली रचना सूर्याच्या उलट आहे. सूर्यात गाभा शांत आणि बाहेरचा थर उकळणारा, यात गाभा उकळणारा आणि बाहेरचा थर शांत. गाभ्यात कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्राने हायड्रोजन जळतो, ते तापमानाला इतकं संवेदनशील आहे की सगळी ऊर्जा अगदी मध्यात तयार होते आणि ढवळल्याशिवाय बाहेर निघतच नाही. बाहेर ढवळण नाही म्हणून सूर्यासारखे डाग नाहीत, सूर्यासारखा गरम किरीटही (कोरोना) नाही. त्यामुळे उत्तरार्धातल्या बी ताऱ्याकडून, म्हणजे बी५ च्या पुढच्या, क्ष-किरण येताना दिसले तर पहिला संशय असा की शेजारी एखादा लहान तरुण तारा लपलाय आणि ते त्याचे आहेत.

बाहेरचा थर शांत म्हटलं खरं पण तारा स्थिर असेलच असं नाही. आत जिथे तापमान साधारण दोन लाख केल्विन असतं तिथे लोहाचे आयन प्रकाश अडवतात, उष्णता साठते, सुटते, परत साठते, आणि तारा अर्ध्या दिवसापासून तीनेक दिवसांच्या ठेक्यावर स्पंदन पावतो. जास्त वजनाच्या बी ताऱ्यांत हेच काही तासांत होतं. प्रकाशातला फरक इतका बारीक असतो की जमिनीवरून रात्र-दिवसाच्या खंडामुळे पकडणं कठीण, अवकाशातल्या दुर्बिणींनी ते सोपं केलं. केप्लर दुर्बिणीने कृत्तिकांमधले सात ठळक तारे तपासले तेव्हा सहा असे स्पंदन पावणारे निघाले, आणि सातवा, माया, जो बी८ राक्षसीच आहे, त्याच्यात वेगळंच सापडलं, पृष्ठभागावर मँगनीज जमलेला एक मोठा पट्टा, तारा दहा दिवसांत एकदा फिरतो तेव्हा तो येतो-जातो. हळू फिरणाऱ्या शांत ताऱ्यात असं होतं, जड अणू प्रकाशाच्या दाबाने वर ढकलले जातात आणि ढवळायला कोणी नसल्यामुळे तिथेच राहतात.

पण माया अपवाद, बहुतेक बी तारे गरागरा फिरतात. नमुना ताऱ्याचा विषुववृत्तावरचा वेग १५० किमी प्रति सेकंद धरला, या वर्गात तो अगदी सर्वसाधारण आहे, तर ५.३ पट मोठा असूनही तो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो. सूर्याला २५ दिवस लागतात. वेग फार वाढला की तारा गोल राहत नाही. मघा हा त्याचा नमुना, तोही बी८ च्याच तापमानाचा, सोळा तासांत एक फेरी, आणि २००५ मध्ये माउंट विल्सनवरच्या चारा इंटरफेरोमीटरने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून अगदी बारीक कोन मोजणारं उपकरण) दाखवलं की त्याचा विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा एक तृतीयांशाने जास्त आहे. ध्रुवांवर पंधरा हजारांच्या वर केल्विन आणि विषुववृत्तावर दहा हजारांच्या आसपास. आता सांगा, ‘मघाचं तापमान किती’ याला काय उत्तर द्यायचं? कुठून बघताय त्यावर आहे. कृत्तिकांमधली सगळ्यात ठळक अल्सिओनी, ती बी७ राक्षसी, तिच्याभोवती तर वायूची चकतीच आहे, वर्णपटात हायड्रोजनची रेषा काळी असायच्या ऐवजी मधे उजळ दिसते.

मग तुम्ही म्हणाल, त्रिज्या थेट का मोजत नाही. आपल्या नमुन्याचा कोनीय व्यास ०.१५ मिलीआर्कसेकंद येतो, म्हणजे चंद्रावर ठेवलेली साधारण २८ सेंटिमीटरची वस्तू इथून मोजण्यासारखं. गरम ताऱ्यांचे व्यास पहिल्यांदा पद्धतशीर मोजले ते ऑस्ट्रेलियात नॅराब्रीला, हॅनबरी ब्राउन यांच्या इंटरफेरोमीटरने, एकूण ३२ तारे, पण ते सगळे ठळक तारे होते. सहाव्या प्रतीच्या ताऱ्याला प्रकाशही कमी आणि व्यासही लहान, दोन्हीकडून मार. त्यामुळे उजेड आणि तापमान यांवरून काढलेली त्रिज्याच चालवावी लागते. पण ती वाटते तेवढी कच्ची नाही. तापमान हजार केल्विनने चुकलं, १४,००० धरलं, तर अतिनील दुरुस्ती वाढते आणि तेजस्विता वीस टक्क्यांनी वर जाते, पण त्रिज्या ५.३ वरून ५ वर येते एवढंच. दोन चुका एकमेकींना खातात.

खरी मोठी चूक होते ती दोन ठिकाणी. एक अंतर. १९९७ मध्ये हिप्पार्कोस या पॅरलॅक्स मोजणाऱ्या उपग्रहाचा कॅटलॉग आला तेव्हा अशा ताऱ्यांच्या पॅरलॅक्समधली चूक साधारण ०.७ ते १ मिलीआर्कसेकंद असायची. ३ मध्ये ०.७ ची चूक म्हणजे अंतर २७० पार्सेकही असू शकतं आणि ४३५ ही, आणि या दोन टोकांमध्ये तेजस्वितेत अडीचपटीचा फरक. जुन्या लेखांमध्ये एकाच ताऱ्याचे वेगवेगळे आकडे दिसतात त्यातला बराच घोळ इथला आहे. गाया उपग्रहाच्या जून २०२२ च्या तिसऱ्या संचात जवळजवळ १४६ कोटी ताऱ्यांचे पॅरलॅक्स आहेत आणि अचूकता कितीतरी जास्त, त्यामुळे तुम्ही वाचलेला आकडा कधीचा आहे ते आधी बघा.

दुसरी चूक लपलेल्या जोडीदाराची, आणि ही मी स्वतः केलीय. एका बी९ ताऱ्याच्या हायड्रोजन रेषा बारीक वाटल्या, तेजस्विताही जास्त आली, मी राक्षसी म्हणून वर्ग लिहून मोकळा झालो. दोन महिन्यांनी सहज परत वर्णपट घेतला तर मॅग्नेशियमची रेषा दुभंगलेली, दोन तारे. एक तारा आपल्याकडे येत असला आणि दुसरा लांब जात असला की त्यांच्या रेषा दोन बाजूंना सरकतात, पहिल्या रात्री मात्र दोघं आपल्या नजरेला आडवे चालले होते म्हणून रेषा एकावर एक बसल्या होत्या. दोन सारखे तारे एकाच ठिपक्यात असले तर तो ०.७५ प्रतीने जास्त ठळक दिसतो, तेजस्विता दुप्पट येते, त्रिज्या चाळीस टक्क्यांनी फुगते, आणि दोन साधे बटू मिळून कागदावर एक राक्षस तयार होतो. वर फिरणं जलद असेल तर रेषा इतक्या पसरतात की जोडी दिसतच नाही. बी वर्गात जोडतारे भरपूर असल्यामुळे हा संशय कायम ठेवायचा.

एक तिसरी शक्यता राहते, ती कमी वेळा येते पण येते. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांब, डोक्यावरच्या मोकळ्या आकाशात एखादा मंद, म्हणजे दहाव्या-बाराव्या प्रतीचा निळा तारा सापडला तर तो बी राक्षसी दिसत असूनही मुळात वेगळाच प्राणी असू शकतो. सूर्याच्या जेमतेम निम्म्या वस्तुमानाचा, म्हातारा, हेलियम जाळणारा तारा, तेजस्विता पन्नासेक सूर्यांएवढी. रंगावरून दोघांत फरक करता येत नाही, अंतराने लगेच कळतो. तुमचा सहाव्या प्रतीचा असल्यामुळे ही काळजी नाही.

तर आता तुमच्या ताऱ्याचं. गायाच्या नोंदीत पॅरलॅक्सच्या शेजारी आरयूडब्ल्यूई नावाचा एक रकाना असतो, एकट्या ताऱ्याच्या गणितात मोजमाप किती नीट बसलं ते तो सांगतो. १ च्या आसपास असेल तर वरचा हिशेब करायला हरकत नाही, अगदी जवळच्या जोडीचा संशय मात्र तेव्हाही ठेवाच. १.४ च्या वर असेल तर तो ‘राक्षस’ बहुधा एकटा नाही, पॅरलॅक्सवरही लगेच विश्वास नको, आणि मग एका रात्रीच्या वर्णपटावर थांबू नका, आठवडाभराच्या अंतराने तीन-चार घ्या आणि ४४८१ ची रेषा सरकते का बघा.